आधी नद्या लिही

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना आम्ही पाच पोरांनी खेड तालुक्यातल्या चोरवण्याहून वासोट्यावर चढायचं ठरवलं. पाऊस नुकताच उघडला होता. मी वहीचं पान फाडून पडवीत यादी करायला बसलो. टॉर्च, दोर, दोन ब्लँकेटं, बिस्किटांचे पुडे, आयोडीन. बाजूच्या आरामखुर्चीत माझ्या वडिलांचे मामू बसले होते. घरातले लहानथोर सगळे त्यांना मामूच म्हणत. त्यांनी यादी मागून घेतली, चष्मा कपाळावर ढकलून ती वाचली आणि परत दिली. म्हणाले, "हे सगळं नंतर. आधी नद्या लिही. वाटेत पाणी कुठं कुठं लागतं, कमरेएवढं असलं तर काय करणार, छातीएवढं असलं तर काय करणार, ते लिही. डोंगराचं काही नाही रे. डोंगर बसत बसत चढता येतो."

तेव्हा मला हसू आलं होतं. म्हाताऱ्या माणसांना असं काहीबाही सांगायची सवय असते. मामू १९४२ साली ब्रह्मदेशातून चालत आले होते, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं. पण त्या चालण्याविषयी ते कधी बोलत नसत आणि विचारायचं आमच्या मनात येत नसे. पुढे कवितेच्या नादाला लागलो, बहादूरशाह जफरच्या कबरीचं वेड डोक्यात शिरलं, रंगूनपर्यंत जमिनीवरून जायचं मनात घेतलं आणि नकाशे पसरून बसलो, तेव्हा मामूंच्या त्या वाक्याचा अर्थ हळूहळू कळत गेला. आज तोच सांगायचा आहे.

रत्नागिरीच्या माणसाला ब्रह्मदेश तसा परका नाही. आमच्या गावात थिबा पॅलेस आहे. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, थिबा राजाला गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. तो राजवाडा १९१० साली बांधून झाला, १९१६ साली राजा इथंच वारला, त्याची कबरही इथंच आहे. त्याच्या सत्तावीस वर्षं आधी, १८५८ साली, दिल्लीच्या शेवटच्या बादशहाला रंगूनला पाठवलं होतं. १८६२ साली तो तिथं गेला. त्याची कबर मुद्दामच ओळखू येणार नाही अशी ठेवली होती. १९९१ साली खोदकाम करताना ती सापडली. एका राजाला तिकडून इकडे, एका बादशहाला इकडून तिकडे. दोघांनाही बोटीनं नेलं.

बोटीनंच का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. १९३१ च्या शिरगणतीत तिथं दहा लाखांवर हिंदी लोक होते, रंगून शहरात तर निम्म्याहून जास्त. तमिळ हमाल, तेलुगू गिरणी कामगार, चेट्टियार सावकार, गुजराती दुकानदार, बंगाली कारकून, चितगावचे खलाशी. एवढी ये-जा असून दोन्ही प्रदेशांना जोडणारा एकही बारमाही मोटाररस्ता किंवा लोहमार्ग इंग्रजांनी बांधला नाही. हुकाँग खोऱ्यातून रेल्वे नेण्यासाठी पाहणी झाली, रूळ काही पडले नाहीत. कलकत्त्याहून रंगूनला बोट सहज मिळत होती, तेव्हा मधले डोंगर ओलांडायची सरकारला गरज वाटली नाही. नकाशावर ते डोंगर फार उंच नाहीत. हिमालयाच्या पूर्व टोकाकडून खाली उतरत आलेली पटकाईची रांग. तिच्यातली पांगसाऊ खिंड समुद्रसपाटीपासून जेमतेम ३,७२७ फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही कमी. मग अडचण कुठली? अडचण पाण्याची. मे महिन्याच्या मध्याला तिथं पाऊस धरतो तो ऑक्टोबरपर्यंत सोडत नाही. दाट सदाहरित जंगल, होलोंगची आभाळाला टेकलेली झाडं, खाली उजेड नाही, पायाखाली जळवा, आणि दर दोन-चार मैलांवर एक ओढा. हिवाळ्यात त्यात घोटा बुडत नाही आणि जूनमध्ये त्यात हत्ती टिकत नाही.

२३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनवर जपानी बॉम्ब पडले. मार्चच्या सुरुवातीला रंगून गेलं, एप्रिलमध्ये मंडाले जळलं. बोटींतल्या जागा पैसेवाल्यांना आणि ओळखीवाल्यांना मिळाल्या. बाकीच्यांनी चालायला सुरुवात केली. काही आराकानमधून चितगावकडे गेले, काही तामूवरून मणिपूरकडे. त्या मणिपूरच्या वाटेवर गोऱ्यांना एक रस्ता आणि काळ्यांना दुसरा, अशी तक्रार त्या वेळी इथल्या पुढाऱ्यांनी जाहीरपणे केली होती. ज्यांना उशीर झाला ते मिचिनाला अडकले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या धावपट्टीवर हल्ला झाला, विमानं बंद झाली, ८ मे रोजी मिचिनाही पडलं. आता एकच वाट उरली होती. हुकाँग खोरं ओलांडून शिंगब्वियांग गाव, तिथून पटकाई चढून पांगसाऊ खिंड आणि पलीकडे उतरून आसामातलं लेडो. पुढे झालेल्या रस्त्यानं शिंगब्वियांग ते लेडो अंतर १०३ मैल भरलं. त्या वेळी रस्ता नव्हताच, चिखलाची पायवाट होती. आणि पाऊस लागला होता.

चारही वाटांनी मिळून चार लाखांहून जास्त माणसं हिंदुस्थानात पोहोचली. वाटेत किती गेली ते कोणी मोजलं नाही. इतिहासकारांचे अंदाज दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जातात. एवढ्या मोठ्या फरकाचा अंदाज असतो तेव्हा समजावं, की मोजणाऱ्याला ती माणसं महत्त्वाची वाटली नव्हती.

त्याच मे महिन्यात त्याच डोंगरांतून एक माणूस आपली सगळी माणसं घेऊन सुखरूप बाहेर आला. जनरल जोसेफ स्टिलवेल, वय ५९. त्याच्याबरोबर सैनिक, डॉक्टर, ब्रह्मी परिचारिका, स्वयंपाकी अशी एकशे चौदा माणसं होती. मोटारी पुढे जाईनात तेव्हा त्यानं त्या सोडल्या. उचलवेल तेवढंच सामान घ्यायला लावलं, मिनिटाला १०५ पावलं अशी चाल ठरवून दिली. हे सगळे तपशील पुस्तकांत चवीनं येतात. मला त्यात मामूंच्या यादीतली गोष्ट दिसते. बिनतारी यंत्र फोडून टाकण्यापूर्वी त्यानं हिंदुस्थानात निरोप धाडला होता, की अमुक बाजूला अन्न आणि हमाल पाठवा. उयू नदीला तराफे बांधून त्यानं दमलेली माणसं होमालिनपर्यंत वाहत नेली आणि जपानी पोहोचायच्या आत चिंदविन नदी ओलांडली. २० मे रोजी तो इंफाळला आला, एकही माणूस न गमावता. त्याचा बेत नदीवर बेतलेला होता आणि नदीपलीकडे त्याची वाट पाहणारं कोणीतरी होतं.

दुसरा माणूस जाइल्स मॅकरेल, आसामच्या चहाच्या व्यवसायातला. पांगसाऊच्या पूर्वेला चौकान नावाची आणखी अवघड खिंड आहे. तिकडून काही लोक निघाले असून उपाशी अडकलेत, अशी बातमी त्याला जूनच्या सुरुवातीला मिळाली. हत्ती आणि माहूत घेऊन तो दफा नदीवर पोहोचला. ९ जूनला त्याला दिसलं, की नदीच्या मधोमध एका बेटावर अडुसष्ट सैनिक अडकले आहेत आणि दोन्ही बाजूंनी पूर आहे. त्या दिवशी हत्तींनाही पाणी पार करता आलं नाही. रात्री पाणी जरा उतरलं आणि पहाटे हत्तींनी ते सगळे लोक काढले. मॅकरेलजवळ कॅमेरा होता. त्यानं घेतलेली ती फिल्म केंब्रिजला जपून ठेवलेली आहे. त्यात हत्ती कानापर्यंत पाण्यात बुडालेले आणि वर माहूत उभे असे दिसतात. मॅकरेलला पदक मिळालं ते योग्यच झालं. पण त्या पाण्यात हत्ती घालायचा की नाही, हे ठरवणारे माहूत होते, हेही त्याच फिल्ममध्ये दिसतं.

मामूंच्या पलीकडच्या तीरावर जनरल नव्हता आणि हत्तीही नव्हते. ते रंगूनला एका दुकानात कामाला होते, वय वीस. धाकटा भाऊ सोळा वर्षांचा, त्याला नुकतंच तिथं बोलावून घेतलेलं. मालकाबरोबर ते आगगाडीनं उत्तरेला गेले. मालकाचं कुटुंब मिचिनाहून विमानानं गेलं. हे दोघे भाऊ चालायला लागले. मला हे सगळं त्यांनी एकाच रात्री सांगितलं, वासोट्याहून परत आल्यावर. मी बढाया मारत होतो, की ओढ्याला छातीएवढं पाणी होतं आणि आम्ही दोर बांधून पार केलं. मामू म्हणाले, "आमच्याजवळ दोर नव्हता. लोक लुंग्या आणि साड्या एकमेकींना बांधत होते." शिंगब्वियांगला विमानातून तांदळाची पोती टाकत, असं त्यांनी सांगितलं. पावसाळा संपेपर्यंत इथंच थांबा, असा सरकारी निरोपही आला होता. थांबलेले तापानं मरत होते आणि निघालेले नदीवर अडत होते. हे दोघे निघाले. "चालायचं कसं ते कोणी सांगत नव्हतं. थांबू नका म्हणत, नाहीतर थांबा म्हणत." खिंडीच्या अलीकडे एका नदीवर चार दिवस बसून राहिले. भाऊ तिथं तापानं गेला. त्याला त्या काठावरच पुरलं. पाचव्या दिवशी पाणी उतरलं.

नदीचं नाव काय, असं मी विचारलं. मामू म्हणाले, "नाम काहीतरी. तिकडे सगळ्याच नद्या नाम काहीतरी आहेत."

पलीकडे उतरल्यावर चहामळ्यांच्या मजुरांनी उभारलेल्या छावण्या होत्या. गरम चहा आणि भात मिळाला. या मजुरांविषयी पुस्तकांत फार थोडं आहे. मळेवाल्यांच्या संघटनेनं मदत केली असं लिहिलेलं असतं, आणि ते खोटं नाही. पण चिखलातून पोती वाहून नेणारे आणि प्रेतं बाजूला करणारे हात आदिवासी मजुरांचे होते. मामू मात्र मरेपर्यंत सांगत, की तो चहा एका संथाळ बाईनं दिला होता. ते रत्नागिरीला पोहोचले तेव्हा बकरी ईद जवळ आली होती.

ज्या पायवाटेनं ही माणसं आली तिच्यावरच मग रस्ता झाला. चीनला जमिनीवरून रसद पोहोचवायची म्हणून अमेरिकनांनी डिसेंबर १९४२ मध्ये लेडोहून काम काढलं. सुमारे पंधरा हजार अमेरिकन सैनिक, त्यांतले साठ टक्के कृष्णवर्णीय, आणि पस्तीस हजार स्थानिक मजूर. काम करताना त्यांना जागोजाग निर्वासितांचे सांगाडे सापडले. वर्षभरात रस्ता शिंगब्वियांगला पोहोचला. वाटेत दहा मोठ्या नद्या आणि दीडशेच्या वर ओढे होते. सरासरी दर तीन मैलांना एक पूल. हा रस्ता तयार होईपर्यंत त्याची गरज संपलेली असेल, असं चर्चिलचं मत होतं, आणि ते फारसं चुकलं नाही. जानेवारी १९४५ मध्ये लेडोहून ११३ गाड्यांचा पहिला तांडा निघाला, ४ फेब्रुवारीला चीनमधल्या कुनमिंगला पोहोचला. १,७२६ किलोमीटर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युद्ध संपलं. हजाराहून जास्त अमेरिकन त्या रस्त्यावर कामी आले, 'मैलाला एक माणूस' असं म्हटलं जाई. मजूर किती गेले, याची मोजदाद इथंही झाली नाही. रस्त्याला स्टिलवेलचं नाव मिळालं. दोन-चार पावसाळ्यांत पूल वाहून जायला लागले आणि जंगलानं रस्ता परत घेतला.

असा हा मोडका रस्ता ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या सहा विद्यार्थ्यांनी १९५५ साली नकाशावर पाहिला. लंडनहून सिंगापूरला मोटारीनं जायचं, एवढाच त्यांचा बेत. त्यापूर्वी कोणालाच ते जमलं नव्हतं, सगळे ब्रह्मदेशाच्या दाराशी अडले होते. या मुलांजवळ पैसे नव्हते. कारखान्यानं दोन लँड रोव्हर दिल्या, बीबीसीत तेव्हा तरुण असलेल्या डेव्हिड अ‍ॅटनबरोनं फिल्म दिली, बाकी सामानासाठी त्यांनी कंपन्यांना पत्रं धाडली. मला कौतुक वाटतं ते त्यांच्या तारखेचं. १ सप्टेंबरला लंडन सोडायचं, म्हणजे पटकाईला पोहोचताना थंडी असेल आणि नद्या उतरलेल्या असतील. युरोपातल्या आणि इराणमधल्या सगळ्या मुक्कामांचा हिशेब त्या नद्यांवरून मागे मोजलेला. दुसरी मेहनत परवानग्यांची. ब्रह्मदेशात बंडाळी होती, तिथल्या सरकारचा होकार हा सगळ्यांत अवघड घाट होता. तो मिळाला, काही भागात सैनिकांची सोबतही मिळाली. कोसळलेल्या पुलांशेजारून पाण्यात गाड्या घालत ते पार झाले आणि ६ मार्च १९५६ रोजी सिंगापूरला पोहोचले. त्यांच्यातल्या टिम स्लेसरनं लिहिलेलं पुस्तक अजून वाचलं जातं. 'ऑक्सफर्ड' नावाची त्यांची गाडी पुढे सेंट हेलेना बेटावर जाऊन पडली होती. ती दुरुस्त करून २०१९ साली सिंगापूरहून लंडनला परत चालवत नेली. स्लेसर तेव्हा ऐंशी ओलांडलेला; तब्येत बिघडल्यामुळे त्याच्या जागी नातू गेला.

हे वाचून मला वाटलं, आपणही का जाऊ नये? ऑगस्ट २०१८ मध्ये मणिपूरमधलं मोरे आणि पलीकडचं तामू यांच्यामधला नाका व्हिसाधारकांसाठी खुला झाला होता. आम्ही तिघे होतो. मी, एक निवृत्त भूगोलाचे शिक्षक आणि एस.टी.तून निवृत्त झालेले एक चालक. बेत असा, की २०२१ च्या जानेवारीत निघायचं, गुवाहाटी, कोहिमा, इंफाळ, मोरे, मंडाले, रंगून. जफरच्या कबरीवर फूल ठेवायचं, मंडालेला थिबाच्या राजवाड्यात रत्नागिरीची माती न्यायची. शिंगब्वियांग या वाटेवर नव्हतं, परदेशी माणसाला तिकडे जाताही येत नव्हतं. तरी मंडालेहून आगगाडीनं मिचिनापर्यंत जावं, मामू जिथून चालायला लागले ते ठिकाण बघावं, असं माझ्या मनात होतं. मी नवी वही आणली आणि पहिल्या पानावर नद्या लिहिल्या. भूगोलाच्या सरांनी माहिती काढली, की तामूपासून कलेवापर्यंतच्या दीडशे किलोमीटरांत युद्धकाळातले एकोणसत्तर पूल नव्यानं बांधायचे आहेत. चालक म्हणाले, "भरलेली गाडी असेल तर मी प्रत्येक पुलाआधी खाली उतरून बघणार. वेळ लागला तर लागू दे." हा माणूस स्टिलवेलच्या तोडीचा आहे, असं मला तेव्हाच वाटलं.

आधी रंगीत तालीम म्हणून जानेवारी २०२० मध्ये आम्ही लेडोला गेलो. रस्त्याच्या सुरुवातीला मैलांची पाटी आहे. पुढे जयरामपूरला परवाना दाखवून अरुणाचलात शिरलो. नामचिक नदी लागली, मग नामपोंग गाव आलं. थंडीचे दिवस होते. पाणी एवढं थोडं, की पोरं दगडावरून उड्या मारत पलीकडे जात होती. नामपोंगला चहाच्या टपरीवर एक म्हातारे तांगसा गृहस्थ भेटले, त्यांना हिंदी छान येत होतं. त्यांना मी विचारलं, इकडे सगळ्या नावांत 'नाम' का? ते म्हणाले, ताई लोकांच्या बोलीत नाम म्हणजे पाणी.

मी घेऊन गेलेल्या जुन्या नकाशाच्या प्रतीवर खिंडीपलीकडे नाम्युंग होती, नामगोई होती, नामलिप होती. मामू जे नाव म्हणून सांगत होते ते नुसतं 'पाणी' होतं. वडिलांना फोन केला, त्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वर जाणार आहेस ना? फातिहा पढ."

दुसऱ्या दिवशी पांगसाऊवर चढलो. मोटारीनं, अर्थात. खिंडीत जवानांनी कागद तपासले. पलीकडे ब्रह्मदेशाची हिरवी उतरण आणि खाली ते प्रसिद्ध तळं, ज्याला 'परत न येण्याचं तळं' म्हणतात. धुकं होतं, नदी एकही दिसली नाही. मी हात उचलून फातिहा पढलो. भूगोलाचे सर टोपी काढून उभे राहिले.

मार्चमध्ये कोरोना आला, नाके बंद झाले. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि तिथं यादवी पेटली. मे २०२३ मध्ये मणिपूर पेटलं. वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. मध्यंतरी चालक घरी आले होते, त्यांनी ती मागून घेतली, नद्यांचं पान काढून बघितलं आणि विचारलं, "यातल्या तुमच्या आजोबांच्या भावाच्या नदीवर खूण केलीत का?" मी म्हटलं, तिन्हींवर केली आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)